फ्रेंच घरगुती स्वयंपाक छापखान्यात शिजला

फ्रेंचांचं साग्रसंगीत भोजन 2010 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं आणि हा वारसा मुळात कुणाचा, या जुन्या भांडणाला नवा जोर चढला. भांडणात दोन बाजू आहेत. पहिली म्हणते, 1789 ची क्रांती झाली, सरदारांचे मुदपाकखाने बंद पडले, बेकार आचाऱ्यांनी पॅरिसमध्ये रेस्तराँ थाटली आणि तिथून राजवाड्याचं जेवण मध्यमवर्गाच्या ताटात झिरपलं. दुसरी म्हणते, हे सगळं हॉटेलवाल्यांनी रचलेलं पुराण. खरा स्वयंपाक आज्यांच्या हातात होता, आईकडून लेकीकडे गेला, त्याला कागद कधी लागलाच नाही, आणि कागदावर आला तेव्हा बिघडला. मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात, आणि दोघींची चूक एकच आहे. पाकपुस्तक म्हणजे निव्वळ हमाल, दुसऱ्याने शिजवलेलं इकडून तिकडे वाहून नेणारा, असं दोघीही धरून चालतात. प्रत्यक्षात ज्याला आज फ्रेंच घरगुती स्वयंपाक म्हणून मिरवलं जातं, तो बऱ्याच अंशी छापील पुस्तकांनी घडवला. आणि तो घडवताना त्यांनी भर घातली त्यापेक्षा जास्त वगळलं. काय करायचं नाही, कुठे पैसा ओतायचा नाही, कालच्या उरलेल्याचं आज काय करायचं, हा हिशेब लिहून काढणं हे त्या पुस्तकांचं खरं काम होतं.

क्रांतीची गोष्ट तर तारखांपुढेच टिकत नाही. फ्रेंच पाकशास्त्राला नवं वळण देणारं ला व्हारेनचं 'ल क्विझिनिए फ्रांस्वा' 1651 चं. मध्यमवर्गीय घरातल्या स्वयंपाकिणीसाठी लिहिलेलं मनोंचं 'ला क्विझिनिएर बूर्जवाझ' 1746 चं, म्हणजे क्रांतीच्या 43 वर्षं आधीचं. रेस्तराँसुद्धा पॅरिसमध्ये 1760 च्या दशकातच सुरू झाली होती, आणि ती तेव्हा विकत होती अशक्त माणसांना ताकद देणारे मांसाचे कढ. राजाचं डोकं उडेपर्यंत वाट पाहायला मध्यमवर्गाला सवड नव्हती. त्याला रोज दुपारी जेवायचं होतं.

आता 'आजी' पक्षाकडे वळू, कारण तो जास्त दमदार आहे. या पक्षाचा उत्तम पुरावा म्हणजे 1393 च्या सुमारास लिहिलेलं 'ल मेनाजिए द पारी'. पॅरिसमधल्या एका वयस्क, सधन गृहस्थाने आपल्या 15 वर्षांच्या बायकोसाठी ते लिहिलं. त्यात बागेची कामं आहेत, नोकर कसे ठेवावेत हे आहे, बाजारभाव आहेत आणि स्वयंपाकही आहे. हिरव्या अक्रोडांचा मुरांबा घालायचा तर 24 जूनच्या सेंट जॉनच्या सणाच्या आसपास अक्रोड आणायचे, सोलून भोकं पाडायची, रोज पाणी बदलत भिजवायचे. ते काळे पडतात आणि चावून पाहिलं तर कडूपणा लागत नाही, तेव्हा ताज्या पाण्यात 'मिझेरेरे' हे स्तोत्र म्हणायला लागेल तितका वेळ उकळायचे. घरात घड्याळ नसताना वेळ मोजायची ही रीत. रस्सा करपला तर तो दुसऱ्या भांड्यात काढून, पांढऱ्या फडक्यात थोडं आंबवण बांधून त्यात थोडाच वेळ सोडायचं. घरगुती शहाणपण छापखान्याच्या आधीपासून होतं, हे यावरून मान्य करायलाच हवं.

पण हाच ग्रंथ नीट वाचला की आजी पक्षाची पंचाईत होते. त्यातल्या बऱ्याच पाककृती राजाच्या आचाऱ्याच्या, तायवाँच्या नावावर चालणाऱ्या संग्रहाच्या परंपरेतून उतरवलेल्या आहेत. म्हणजे 1393 मध्येही घरगुती ज्ञान कागदावरूनच येत होतं. आणि एका भरलेल्या पदार्थाशी येऊन लेखक थांबतो. यात फार खटाटोप आहे, हे बूर्जवाच्या, म्हणजे शहरी मध्यमवर्गीयाच्या काय, साध्या सरदाराच्या आचाऱ्याचंही काम नव्हे, म्हणून मी हे सोडून देतो, अशा अर्थाचं तो लिहितो. माझ्या मते फ्रेंच मध्यमवर्गीय स्वयंपाकाचं पहिलं स्पष्ट लक्षण या सोडून देण्यात आहे. आपलं घर राजवाडा नाही हे त्या माणसाला ठाऊक होतं, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता. फक्त हे पुस्तक हस्तलिखितातच राहिलं. छापून आलं थेट 1846 मध्ये. एका तरुण बायकोला त्याचा उपयोग झाला असेल. एका वर्गाला होणं शक्यच नव्हतं.

वर्गापर्यंत पोचायला दोन गोष्टी लागत होत्या: स्वस्त तंत्र आणि स्वस्त पुस्तक. ला व्हारेनच्या निमित्ताने दोन्ही जमल्या. त्याच्या आधीच्या दरबारी रश्श्यांना दाटपणा यायचा तो कुटलेल्या बदामांनी नाहीतर भिजवून गाळलेल्या पावाने, आणि चव यायची आलं, दालचिनी, केशर अशा परदेशी मसाल्यांनी. ला व्हारेन सांगतो, डुकराची चरबी वितळवा, तिच्यातले न विरघळलेले तुकडे काढा, मैदा टाका, तो भांड्याला लागू न देता चांगला शिजवा, थोडा कांदा घाला, मग चांगला मांसरस, अळिंबी आणि व्हिनेगरचा थेंब घालून उकळा, आणि गाळून ठेवा. रस्सा दाट करण्यासाठी चरबीत परतलेल्या मैद्याला आज रू म्हणतात, त्याचंच हे रूप. बदामाच्या जागी मूठभर मैदा! हे तंत्र स्वस्त आहेच, शिवाय लिहून शिकवता येण्याजोगं आहे, कारण ते बिघडतं ते ठरावीक ठिकाणीच. मैदा चरबीत पुरेसा परतला नाही तर रश्श्याला कच्च्या पिठाचा वास राहतो. उकळता रस तापलेल्या रूवर एकदम ओतला तर पिठाच्या बाहेरचा थर लगेच शिजून आत कोरडं पीठ अडकतं आणि गुठळ्या होतात. म्हणून दोहोंपैकी एक थंड हवं, नाहीतर रस थोडाथोडा घालून घोटायला हवं. रंगासाठी रू तपकिरी केली तर स्टार्च तुटतो आणि तेवढ्याच मैद्याने रस्सा पातळ राहतो. अर्धा लिटर रसाला 30 ग्रॅम लोणी आणि 30 ग्रॅम मैदा हे प्रमाण फिक्या रूला पुरतं, गडद रूला मैदा वाढवावा लागतो. अशा चुका आजीने हातावर फटका मारून शिकवल्या काय किंवा पानावर लिहून सांगितल्या काय, फरक पोचण्याच्या अंतराचा आहे. आजी एका घरात शिकवते. ला व्हारेनचं पुस्तक त्रुवा शहरातल्या छापखान्यांनी निळ्या कागदाच्या वेष्टनातल्या स्वस्त पुस्तिकांच्या मालेत घेतलं, आणि फिरते विक्रेते ते संतचरित्रं आणि पंचांगांसोबत विकत गावोगाव हिंडले.

त्याच दशकात, 1654 मध्ये, निकोला द बोनफोंने 'ले देलिस द ला काँपान्य' काढलं. हा माणूस राजाच्या पदरी सेवक, पण पुस्तक घर सांभाळणाऱ्या स्त्रियांना उद्देशून. कोबीच्या सूपला कोबीचीच चव यावी, लीकच्या सूपला लीकची, सलगमाच्या सूपला सलगमाची, असं तो बजावतो. आज हे वाक्य 'साध्या, प्रामाणिक आजीच्या चवी'चा जाहीरनामा म्हणून खपेल. पण ते कुठल्या आजीने म्हटलेलं नाही. ते छापील पुस्तकात, मसाल्यांनी चव झाकणाऱ्या जुन्या दरबारी पद्धतीविरुद्ध मुद्दाम मांडलेलं मत आहे. साधेपणा हीसुद्धा कुणीतरी आग्रहाने मांडलेली भूमिका होती.

इथे राजवाडा पक्ष उसळून म्हणेल, आणि त्याचं म्हणणं वजनदार आहे, की हे सगळे लेखक होते तरी कोण? ला व्हारेन मार्की दुक्सेलच्या पदरी होता. मास्यालोने 1691 मध्ये 'ल क्विझिनिए रोयाल ए बूर्जवा' काढलं. नावात बूर्जवा, पण आत उमरावांच्या मेजवान्यांच्या याद्या. म्हणजे ग्राहकाच्या हौसेला गोंजारण्यासाठीच मुखपृष्ठावर तो शब्द! आणि खुद्द मनोंने 'ला क्विझिनिएर बूर्जवाझ' नंतर 1755 मध्ये दरबारी मेजवान्यांवरचा स्वतंत्र ग्रंथ काढलाच की. मग झिरपण्याचा सिद्धान्त खरा ठरत नाही का? मास्यालोपुरता ठरतो, ते पुस्तक मध्यमवर्गाचं नाहीच. पण मनोंचं उदाहरण उलट्या दिशेला बोट दाखवतं. एकच माणूस दोन वेगवेगळी पुस्तकं लिहितो, याचा अर्थ दोन वेगवेगळे स्वयंपाक आहेत हे त्याला आणि त्याच्या प्रकाशकाला कळलं होतं. दरबारी पदार्थ हलक्या मापात उतरवून भागलं असतं, तर दुसऱ्या पुस्तकाची गरज काय होती?

फरक कुठे पडतो ते स्टॉकमध्ये, म्हणजे मांस शिजवून काढलेल्या रसात, पाहावं. अठराव्या शतकातल्या उच्चभ्रू स्वयंपाकाचा सगळा डोलारा मांसार्कावर उभा आहे. 1739 मध्ये 'ले दों द कोम्यूस' लिहिणारा मारँ आणि त्याचे समकालीन वासराचं मांस, हॅम, कोंबडी थोड्या रसात मंद आचेवर आटवून, गाळून अर्क काढत, आणि तो अर्क इतर पदार्थांत घालत. ज्यातून अर्क निघाला ते मांस ताटात येतच नसे. सुबीझच्या राजपुत्राच्या आचाऱ्याने एका मेजवानीसाठी 50 हॅम मागितली आणि ती सगळी आपण एका छोट्या बाटलीत मावतील अशी आटवू शकतो असं सांगितलं, ही गोष्ट ब्रिया-साव्हारँ या खाद्यलेखकाने एकोणिसाव्या शतकात रंगवून सांगितली आहे. दंतकथा असेल, पण ती ज्या उधळपट्टीवर हसते ती खरीच होती. मध्यमवर्गीय घराला हे परवडणारं नव्हतं, आणि एरवी पैसे असले तरी अंगवळणी पडणारं नव्हतं. तिथे एकाच मांसाने दोन कामं करायची: आधी रस द्यायचा, मग स्वतः ताटात यायचं.

पोतोफ हा त्या हिशेबाचा गाभा. किलोभर गोमांस, हाडासकट, अडीच-तीन लिटर गार पाण्यात चढवायचं. पाणी गारच हवं, म्हणजे तापता तापता प्रथिनं सावकाश सुटून फेस वर येतो आणि काढता येतो. उकळत्या पाण्यात टाकलं तर मांस चवदार राहतं पण रस फिका होतो. फेस काढून झाल्यावरच मीठ आणि कांद्याला टोचलेली लवंग. नंतर चार तास नुसतं बुडबुडे सुटतील इतकीच आच. खळखळा उकळलं की चरबी बारीक होऊन पाण्यात मिसळते, रस गढूळ आणि तेलकट होतो, आणि मग तो कितीही गाळला तरी नितळ होत नाही. गाजर, सलगम, लीक शेवटच्या तासाभरात. आधी घातले तर त्यांचा लगदा होतो. पहिल्यांदा पावावर ओतून रस, मग भाज्यांसोबत मांस. आणि तरी मांस उरतंच. त्या उरलेल्याचं मनों काय करतो? मिरोताँ. शिजलेल्या छातीच्या गोमांसाचे अगदी पातळ काप करायचे. वाढायच्याच ताटाच्या तळाशी दोन चमचे गाळीव अर्क, पार्सली, कांद्याची पात, केपर, अँचोव्ही, लसणाचं टोक, सगळं बारीक चिरून. त्यावर काप मांडायचे, वर पुन्हा तेच, झाकून मंद आचेवर अर्धा तास. मांस आदल्या दिवशीचं असलं तरी तितकंच चांगलं, असं तो स्वतःच सांगतो. दरबारी पुस्तकात शिळ्याला अशी उघड मान्यता शोधून पाहावी. पातळ काप का, तर उकडलेल्या मांसातला ओलावा आधीच गेलेला असतो; जाड तुकडा पुन्हा तापवला की तो सुतळीसारखा होतो, पातळ काप आंबट-खारट रस शोषून घेतो.

यात अर्काचे दोन चमचे आहेतच, हे मी लपवत नाही. मनों दरबारातून पुरता सुटलेला नाही. पण पन्नास हॅमपासून दोन चमच्यांपर्यंतचा प्रवास म्हणजे झिरपणं नव्हे; वरची वस्तू नाकारत, कापत, गरजेपुरती शिल्लक ठेवत केलेलं ते संपादन आहे. त्याने गाय-बैलाचे जीभ, मेंदू, शेपटी, आतडी असे एकेक भाग घेऊन त्यांचं काय करावं ते सांगितलं, तेही याच हिशेबातून. नेमक्या याच सुमारास, 1747 मध्ये, इंग्लंडमध्ये हॅना ग्लासने आपल्या पाकपुस्तकात फ्रेंच आचाऱ्यांवर कोरडे ओढले: बारा अंडी तळायला सहा पौंड लोणी वापरणारा आचारी आपण ऐकला आहे, खरं तर अर्धा पौंड भरपूर झालं, असं ती म्हणते. तिने ते फ्रेंचद्वेष म्हणून लिहिलं, मनोंने फ्रेंच असूनच तेच केलं. एका वर्षाच्या अंतराने खाडीच्या दोन्ही तीरांवर एकच आकडेमोड छापून यावी, याचं स्पष्टीकरण ना राजवाडा देऊ शकतो ना आजी. वाचणारा, खर्च मोजणारा, पाहुण्यांपुढे लाज राखू पाहणारा शहरी वर्ग दोन्हीकडे एकदमच पुस्तकांचं गिऱ्हाईक झाला होता.

वाचणारा म्हटलं की पुढचा आक्षेप येतो, आणि तो मला सर्वांत कठीण वाटतो. वाचत होतं कोण? लग्नाच्या नोंदवहीत सही करणाऱ्यांच्या मोजणीवरून 1686 ते 1690 दरम्यान फ्रान्समध्ये सुमारे 29 टक्के पुरुष आणि 14 टक्के स्त्रिया सही करू शकत होत्या. 1786 ते 1790 दरम्यान 47 आणि 27 टक्के. चारातल्या तीन बायका स्वतःचं नाव लिहू शकत नसतील, तर पुस्तकाने स्वयंपाक घडवला हे म्हणणं हवेतलं नाही का? पहिलं उत्तर असं की ही देशभराची सरासरी आहे. पॅरिस आणि उत्तरेकडचा भाग तिच्या बराच वर होता, आणि मनोंचं गिऱ्हाईक तिथलंच होतं. दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं. अठराव्या शतकातल्या बूर्जवा घरात वाचणारी आणि रांधणारी बाई बहुतेकदा एक नव्हती. पुस्तकाच्या नावातली स्वयंपाकीण पगारी आहे, आणि पुरुष आचाऱ्यापेक्षा स्वस्त म्हणून ठेवलेली आहे. बाजाराला किती पैसे द्यायचे, आठ पानांच्या जेवणाला काय मांडायचं, उरलेल्याचा हिशेब कसा घ्यायचा, हे मालकिणीने वाचावं आणि तिने करावं, अशी ती रचना. ही कामगारसंबंधांची गोष्ट आहे, म्हणूनच ती 'आजीच्या हातची चव' म्हणताना सोयीने विसरली जाते. लियों शहरातल्या प्रसिद्ध 'मॅर', म्हणजे 'आई' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्वयंपाकिणी, पाहा. युजेनी ब्राझिए धनिकांच्या घरी नोकर होती, मग दुसऱ्या बाईच्या भटारखान्यात शिकली, 1921 मध्ये तिने स्वतःचं रेस्तराँ काढलं आणि 1933 मध्ये दोन ठिकाणी मिळून मिशेलिन या रेस्तराँ-मार्गदर्शिकेचे सहा तारे मिळवले. मातृत्वाची सगळी विशेषणं लावून जिची पूजा होते, ती बाई आयुष्यभर पगारावर किंवा धंद्यासाठी रांधत होती.

शेतकऱ्यांबद्दल मात्र मी वाद घालणार नाही. राय किंवा बकव्हीटच्या पिठावर, चेस्टनटवर, पाव बुडवलेल्या सूपवर जगणाऱ्या बहुसंख्य फ्रान्सला मनोंने स्पर्शही केला नाही. प्रादेशिक पदार्थ पुस्तकात यायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. नीम शहरातल्या द्युराँ या आचाऱ्याचं पुस्तक, ज्यात ब्राँदाद हा खारवलेल्या कॉड माशाचा पदार्थ आहे, ते 1830 चं. पण म्हणूनच 'फ्रेंच घरगुती' म्हणून जगभर जे ओळखलं जातं ते खेड्यातलं नाही, शहरी पुस्तकातलं आहे.

राहिला 'अंदाजा'चा मुद्दा. आपल्याकडे म्हणतात तसं हाताला चव असते, ती छापता येत नाही. खरं आहे, मनों मापं फार क्वचित देतो. देतो तेव्हा पॅरिसचा लिव्र, म्हणजे सुमारे 489 ग्रॅम, किंवा शोपीन, म्हणजे अर्ध्या लिटरला थोडं कमी, आणि गावागावाचा लिव्र वेगळा. तो वाचणाऱ्या बाईला बरंचसं आधीच येत होतं हे त्यात गृहीतच आहे. पण ही अडचण पुस्तकांनीच ओळखली आणि पुस्तकांनीच सोडवली. मेट्रिक पद्धत 1795 मध्ये आली. 1867 मध्ये ज्यूल गुफे या आचाऱ्याने आपल्या पाकग्रंथाचे घरगुती आणि भव्य असे दोन भाग पाडले, आणि घरगुती भागातली एकही सूचना आपण घड्याळावर नजर आणि हातात तराजू असल्याशिवाय लिहिली नाही असं सांगितलं. लक्षात घ्या, तराजूचा आग्रह घरगुती भागासाठी होता. उस्तादाला अंदाज पुरतो. जिला शिकवायला कुणी नाही तिला ग्रॅम लागतात. मापाने हाताची चव मारली, ही तक्रार करणारे बहुधा असेच असतात ज्यांच्या घरी शिकवणारा हात होता.

हे सगळं आज महत्त्वाचं का, तर फ्रेंच सरकार याच चुकीच्या समजावर कायदे करतं म्हणून. जुलै 2014 च्या फर्मानाने रेस्तराँना 'फे मेझाँ', म्हणजे घरी केलेलं, असं लिहिण्याची आणि घराच्या छपराखाली पातेलं असलेलं चिन्ह लावण्याची सोय दिली. अट एवढीच की पदार्थ कच्च्या मालापासून तिथेच शिजवलेला हवा. मग अपवादांची यादी आली: गोठवलेलं चालेल, कच्चं पफ पेस्ट्रीचं पीठ विकतचं चालेल, आणि ग्राहकाला लेखी कळवलं तर पांढरा आणि तपकिरी स्टॉकही विकतचा चालेल. टीका झाली, 2015 मध्ये नियम थोडे बदलले, आणि वाद पुन्हा तिथेच अडकला: स्टॉक विकतचा तर घरगुती कसं म्हणायचं? राजवाडा पक्षाला वाटतं स्टॉक स्वतः आटवल्याशिवाय तो स्वयंपाकच नव्हे. आजी पक्षाला वाटतं आजी नक्कीच आटवत असेल. आजीच्या घरची मालकीण, तिच्या हातातलं पुस्तक आणि महिन्याचा हिशेब पाहिला, तर दिवसभर मांस आटवून फेकून द्यायला तिला कुणी परवानगी दिली नसती. तिच्याकडे सोमवारच्या पोतोफचा रस होता, तो संपला की पाणी होतं, आणि मंगळवारी मिरोताँ होतं. मेन्यूवर 'घरगुती' लिहिणाऱ्याला तपासायचंच असेल, तर अधिकाऱ्याने स्टॉकचं बिल मागण्याऐवजी काल उरलेल्या मांसाचं आज काय केलं हे विचारावं.